बयोचा जामीन

म्हादूकाकांनी मुसळ खांद्यावर घेतलं, रातांब्याच्या झाडापुढे पाय रोवले आणि विचारलं, "वयनी, जामीन खंय आसा?"

माझी सासू विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिने आभाळाकडे न बघता, कारण बघायचं नव्हतं, कुंपणापलीकडे बघितलं. "द्वारकी मेली खंय? गिराण लागान इतको येळ झालो!"

ऐंशी सालचं ते मोठं सूर्यग्रहण. कारवारकडे सूर्य पुरता बुडला म्हणे. आमच्याकडे नखभर उरला. पण त्या नखभर सूर्यानेही वाडीची पाचावर धारण बसवली होती. भर दुपारी दारं-खिडक्या बंद, चुली विझलेल्या, पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं. पोटुशा बाया सरळ उताण्या निजवलेल्या. आमच्या अंगणात मात्र चार माणसं उभी होती, कारण माझ्या सासूला ग्रहणापेक्षा मोठं काम होतं. तिला आपल्या झाडाला मार द्यायचा होता.

आमच्याकडे ही जुनी रीत. न धरणाऱ्या झाडाला ग्रहणात धाक घालायचा. घरच्या कर्त्या पुरुषाने मुसळ नाही तर कोयता उगारून म्हणायचं, धरतोस की नाही, नाही तर तोडतो. तीन टोले हाणायचे. मग एका लेकुरवाळ्या बाईने मध्ये पडून झाडासाठी जामीन राहायचं: नको मारू, नको तोडू, पुढच्या वर्षी धरेल. झाड घाबरतं, शिवाय लाजतं, आणि धरतं. फणस धरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यामुळे हसू नका. निदान आत्ताच नको.

पण हे झाड साधं नव्हतं. ही बयो होती. सासूला दिगंबर झाला आणि नंतर काही झालं नाही. तिला मुलगी हवी होती. मग तिने विहिरीच्या कडेला रातांब्याची, म्हणजे कोकमाची, बी लावली आणि तिलाच मुलगी मानलं. बयोला पहिला फुलोरा आला तेव्हा वाडीतल्या बायकांना बोलावून तिची ओटी भरली, खणाचा तुकडा बांधला आणि खालच्या दोन फांद्यांत हिरव्या बांगड्या चढवल्या. पुढे फांद्या जाडावल्या आणि बांगड्या तिथेच रुतून बसल्या. दर वर्षी बयो फुलांनी लगडायची. दर वर्षी फुलं झडायची. एक रातांबा म्हणून कधी लागला नाही. सासू माडांच्या गावची, बंदराकडची. माडाबद्दल विचाराल ते सांगेल, पण रातांब्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि तिला कोणी काही शिकवायला जावं असा तिचा स्वभाव नव्हता.

तिचं नाव रुक्मिणी. वाडी तिला रुक्मिणकाकी म्हणायची आणि ती रस्त्याने निघाली की कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. म्हादूकाका हे त्यांचे धाकटे भाऊ, अंगणापलीकडच्या घरात एकटे राहायचे आणि वहिनीच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. दिगंबर माझा नवरा. तेव्हा नाव घ्यायची सोय नव्हती. आता खुशाल घेते, त्याला कमी ऐकू येतं. बाजारात त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हाताचा हुशार, तोंडाचा मुका. आईपुढे तर त्याची जीभ पंक्चर व्हायची.

आणि मी कुमुद. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, आणि मीही न धरणारी.

त्या दिवशी बयोचा शेवटचा धाक होता. "ह्या खेपेक नाय धरला तर कोयतो," असं सासूने आठवडाभर आधी जाहीर केलं होतं. माझ्यासाठी तर तेवढीही मुदत नव्हती. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, डोंगरापलीकडून आत्माराम गावकर आपल्या मुलीची बोलणी करायला येणार होते. माझ्या नवऱ्यासाठी. दुसरी बायको करणं कायद्याने गुन्हा होता, पण कायदा एसटीने येतो आणि आमच्या वाडीला एसटी नव्हती. मला काढून टाकणार नव्हते. मी म्हणे भात सडायला, शेण काढायला राहायचं आणि तिच्या पोरांना खेळवायचं. दिगंबर या सगळ्यावर हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. मी ट्रंकेत दोन लुगडी घालून ठेवली होती. रविवारी ते गावकर उंबऱ्यात आले की मी मागच्या दाराने माहेरची वाट धरणार होते. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

"द्वारके!" सासूने हाक मारली.

कुंपणापलीकडच्या घराची खिडकी बोटभर उघडली. द्वारकावयनी आमची शेजारीण. घर भरून पोरं, म्हणून वाडीतल्या सगळ्या न धरणाऱ्या झाडांना तीच जामीन. बयोसाठी तर न बोलावता यायची.

"काकी, माका येवक जमाचा नाय! रेडियोवर सांगल्यानी, भायर पडला काय डोळे जातत!"

"मगे डोळे मिटून ये! वाट काय नवीन आसा?"

"मिटलेल्या डोळ्यांतसून पण आत जाता म्हणतत!"

"आणि जामीन कोण, तुझो घोव रवतलो?"

"मी हयसूनच रवतंय! नको रे मारू, नको रे तोडू, पुढच्या वर्साक धरतला! झाला काकी?"

"खिडकीतसून जामीन रवतत? बयोक आयकाक तरी येवक व्हया!" सासूने कपाळावर हात मारला. खिडकी बंद झाली, पण पुरती नाही.

उजेड राखेसारखा झाला होता. कोंबड्या एकामागून एक खुराड्यात शिरत होत्या. अंगणाच्या कोपऱ्यात नारळाच्या सोडणांच्या ढिगापाशी दिगंबर उभा होता, वेल्डिंगची काळी काच डोळ्यांना लावून. सगळी वाडी आत दडलेली असताना हा माणूस सूर्य बघत होता. त्याला विचाराल तर सूर्याकडे बघणं आईकडे बघण्यापेक्षा सोपं होतं.

"वयनी, टायम जाता," काका म्हणाले. "गिराण सुटला काय मारून उपेग नाय."

सासूने अंगणभर नजर फिरवली. बाई म्हणून मीच उरले होते. तिने ओठ आवळले.

"हो फुडे गो," ती म्हणाली. मग पुटपुटली, पण मला ऐकू यावं इतपत, "वांझेक वांझेचो जामीन. काय दिवस इले."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. पाणवठ्यावर, बारशाच्या आमंत्रणातून नाव गळताना, तो पुष्कळदा ऐकला होता. पण घरच्या अंगणात, नवऱ्यासमोर, त्या राखी उजेडात तो लागला तसा कधी लागला नव्हता. नवरा काचेतून सूर्यच बघत राहिला. मी पदर खोचला आणि पुढे झाले.

काकांनी मुसळ उगारलं. "धरतलंस काय नाय गो बयो? नाय धरलंस तर आज तुका मुळासकट काढतंय!"

पहिला टोला बसला. फांद्या हलल्या आणि माझ्या डोक्यावर फुलं पडली. दुसरा टोला बसला. आणखी फुलं पडली. मी केसांतून एक काढलं आणि तळहातावर ठेवलं.

आता हे सांगायला हवं. माझं माहेर सगळं रातांब्यांचं. मे महिन्यात आमच्या घरी माणसांचे हात कोपरापर्यंत लाल. रातांबे फोडायचे, सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे काळी मऊ सोलं, म्हणजे आमसुलं, होतात. बियासुद्धा फुकट जायच्या नाहीत. त्या कुटून, उकळून आजी वर आलेलं मेण मुठीत दाबून त्याचे मुटके वळायची, तेच मुठेल. पावसाळ्यात चिखलाने फुटलेल्या टाचांना सगळा गाव ते लावायचा. आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी कळायचं की रातांब्यात नर असतो आणि मादी असते. नर झुबक्याझुबक्याने फुलतो, अगदी तालेवार दिसतो, आणि एवढं करून एक फळ देत नाही. मादीचं फूल एकेकटं, आणि त्याच्या पोटात बारीक हिरवी गोटी. नर वाईट नव्हे. तो नसला तर आजूबाजूच्या माद्या धरत नाहीत. आपलं काम करून तो मोकळा.

बयो नर होती. लग्न होऊन आले त्याच फुलोऱ्याला मला ते दिसलं होतं. मी रात्री दिगंबरला सांगितलं, तर तो पांढरा पडला. "आयेक सांगू नको," म्हणाला. मी नवी नवरी. नाही सांगितलं. पुढे सगळे गप्प आहेत हे बघून मीही गप्प राहिले. बांगड्या घातलेल्या त्या बाप्याला हळदीकुंकू वाहिलं, नमस्कारसुद्धा केला.

तिसरा टोला बसला.

"बोल," सासू म्हणाली.

मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. पुढच्या वर्षी धरेल. ते म्हटलं असतं तर आंघोळ करून सगळे घरात गेलो असतो. पण माझ्या तळहातावर ते फूल होतं, आणि मी ज्या झाडाची हमी देणार होते ते सात जन्मांत धरणार नव्हतं. आणि पुन्हा वांझ म्हणून बोलणी कोण खाणार, ते झाड की मी?

"मी जामीन रवाचंय नाय," मी म्हटलं.

काकांनी मुसळ खाली केलं.

"काय?" सासू म्हणाली.

"ह्या झाड मुसळाचा पीठ झाला तरी धरूचा नाय, आई. ता नर आसा."

सासूने माझ्याकडे, मग झाडाकडे, मग बांगड्यांकडे बघितलं.

"तुका कोणी सांगल्यान?"

"फुलांनी. ह्या बघा. झुबके आसत. पोटात गोटी नाय."

तिने फूल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, बोटाने चुरडलं. त्यात तिला काय कळणार? तिने ते टाकलं आणि दिराकडे वळली. "म्हादू. ह्या काय बोलता ता आयकलंस?"

"वयनी, तसा बघूक गेला तर..."

"कसा पण बघूक जा. नर काय मादी?"

काकांनी मुसळाच्या टोकाकडे बघत सांगितलं, "नर."

"तुका कधी कळला?"

"पयल्या फुलोऱ्याक."

"आणि इतकी वर्सा मुसळ मारतंस?"

"तुमी सांगलात म्हणान मारलंय."

"मी बांगड्यो भरलंय, तेव्हा तोंडात काय होता?"

काकांनी खूप विचार केला. "बांगड्यो बऱ्यो दिसत होत्यो, वयनी."

"वाडयेत आणि कोणाकोणाक ठावक आसा?"

"तुमका सोडून सगळ्यांका."

इथे ती खिडकी पुरती उघडली. डोळे जाण्याची भीती द्वारकावयनी साफ विसरली होती. "काकी, तोडूक लावू नका हां! हात जोडतंय! तो गेलो तर माझे रातांबे धरूचे नाय!"

सासूने सावकाश कुंपणापलीकडे बघितलं. तिथे द्वारकावयनीच्या रातांब्यांची रांग होती. दर वर्षी फळांनी वाकायची. दर वर्षी त्यातली मूठभर सोलं ती आम्हाला आणून द्यायची आणि सासू ती घेताना म्हणायची, तुझ्या झाडांका दृष्ट लागात गो.

"म्हणान तू दर गिराणाक जामीन रवाक धावतंस?"

"जामीन रवाक काय कारण लागता? शेजारधर्म तो!"

"शिरा पडली तुझ्या शेजारधर्मार! माझ्या झाडार तुझी सोला!"

मला हसू आलं. आवरलं नाही. ते सासूने बघितलं, आणि तिथेच माझं चुकलं असं मला वाटलं, कारण तिचा चेहरा एकदम बदलला. सगळ्या वाडीने तिला वेडं केलं होतं, वर्षानुवर्षं, आणि ते तिला भर अंगणात कळलं होतं. राग कुठे तरी काढायला हवा होता आणि मी हाताच्या अंतरावर होते.

"बरा," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "ता नर आसा म्हणान धरणा नाय. आणि तू गो? तू कोण आसंस?"

एवढं सगळं धीटपणे बोलले आणि या एका प्रश्नापुढे मी उभ्या जागी लहान झाले. काकांनी मान फिरवली. तेव्हाच उजेड अजून उतरला, माणसांचे चेहरे पुसट झाले, कुठे तरी कुत्रं रडलं. मी ठरवलं की रविवारपर्यंतसुद्धा थांबायचं नाही. आत जायचं, ट्रंक उचलायची.

"आये, तिका बोलू नको."

सोडणांच्या ढिगापासून आवाज आला. मला आधी कळलंच नाही कोणाचा. माझ्या नवऱ्याचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"कित्याक नको?" सासू म्हणाली.

"दोष तिचो नाय. माझो आसा."

"तुझो कसलो दोष?"

"दिवाळयेच्या आधी बेळगावाक गेललंय, टायर आणूक. तेव्हा डॉक्टराक दाखवलंय. त्यांनी तपासल्यानी. माका मूल होवचा नाय, आये. लगीन एक कर नाय तर धा कर."

त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसती आकृती होती, हातात काच धरलेली. मला वाटतं, चेहरा दिसत नव्हता म्हणूनच तो बोलू शकला.

आता इथे मला खूप काही वाटायला हवं होतं. त्याची दया यायला हवी होती, आणि आलीही, पण नंतर. आधी आला तो संताप. दिवाळीच्या आधी! म्हणजे दिवाळी गेली, संक्रांत गेली, सासू डोंगर ओलांडून मुलगी बघून आली, आणि हा रोज रात्री माझ्या शेजारी झोपून घोरत होता. त्या घटकेला मुसळ माझ्या हातात असतं तर ही गोष्ट मी तुरुंगातून सांगितली असती.

मुसळ सासूने घेतलं. काकांच्या हातातून काढून घेतलं आणि चालत मुलापुढे गेली. तिने ते दोन्ही हातांनी वर उचललं. दिगंबरने काच खाली ठेवली आणि मान वाकवली. पळाला नाही, हे सांगायला हवं.

आणि म्हादूकाकांच्या तोंडून, निव्वळ सवयीने, निघून गेलं, "जामीन कोण?"

ते बोलून त्यांनी स्वतःच जीभ चावली. पण बोलणं झालं होतं. सासू मुसळ तसंच वर धरून माझ्याकडे बघायला लागली. काका बघायला लागले. खिडकीतून द्वारकावयनी बघायला लागली. माझा नवरा मान खाली घालून वाट बघत होता.

मी लगेच बोलले नाही. मुद्दाम. इतके महिने तो गप्प राहिला, तर मी जरा वेळ राहायला काय हरकत होती?

"मारा," मी शेवटी म्हटलं. "पण टकलेर नको. आसा तितकी अक्कल रवांदे."

पहिली हसली ती द्वारकावयनी. मग काकांनी तोंडाला पंचा लावला. सासूच्या हातून मुसळ बाजूला पडलं. ती तिथेच सोडणांवर बसली आणि रडायला लागली. रुक्मिणकाकी रडू शकते हे वाडीत कोणाला माहीत नव्हतं. नाक ओढत, मध्येच मुलाला चापट मारत ती रडली. "मेल्या, मी थंय चेडू बघीत डोंगर चढतंय आणि तू हय तोंडात पान धरून बसलंस? ह्या पोराचा काय झाला असता?" ह्या पोराचा म्हणजे माझं. मला तिने सुनेशिवाय दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

हळूहळू उजेड परतला. कोंबडे आरवले, कोंबड्या खुराड्यातून बाहेर आल्या आणि एवढ्यात सकाळ कशी झाली म्हणून गोंधळून एकमेकींना टोचायला लागल्या.

ग्रहण सुटल्याच्या आंघोळीसाठी मी विहिरीवर पाणी काढत होते तेव्हा दिगंबर आला आणि दोराला हात लावून उभा राहिला.

"माका कित्याक सांगलात नाय?" मी विचारलं.

"तू गेलंस असतंस."

"आणि ती गावकाराची इली असती तर?"

त्याने दोराचा पीळ चाचपला. "तिका पण झाला नसता. मगे आये गप झाली असती."

एक मुलगी लग्न करून आणायची, तिचं आयुष्य मातीत घालायचं, कशासाठी, तर आई गप्प व्हावी म्हणून. आणि हे तो अगदी सरळपणाने सांगत होता. मी घागर त्याच्या हातात दिली आणि घरात गेले. आंघोळीचं पाणी आमच्याकडे तापवून मिळतं. त्या दिवशी त्याला विहिरीतलं मिळालं.

मूल आम्हाला झालं नाही, हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी पाळणा हलेल म्हणून कोणी ताटकळत बसायला नको. झाडही कोणी तोडलं नाही. बांगड्या काढायच्या तर फांद्या कापाव्या लागल्या असत्या, म्हणून त्याही राहिल्या. द्वारकावयनी त्या वर्षीपासून सोलांचं मडकं भरून द्यायला लागली, न मागता. पण हे सगळं नंतरचं. माझं काय होणार ते ठरलं दुसऱ्या दिवशी.

आत्माराम गावकर ठरल्या वेळी आले. पायांत नव्या वहाणा, हातात केळ्यांचा फणा, सोबत नारळ. निरोप पाठवून त्यांना थांबवता आलं असतं, पण सासू म्हणाली, माणसाला तोंडावर सांगायचं ते तोंडावर सांगावं. ती रात्रभर झोपली नव्हती. काय सांगणार ते तिने मला सांगितलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. ट्रंक तशीच भरलेली होती.

मला वाटलं होतं, ती पत्रिकेवर ढकलेल. किंवा माझ्यावर. ते सोपं होतं. सून वांझ हे सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतंच. त्यात अजून काही जोडलं, सून भांडखोर आहे, सवतीला नांदू द्यायची नाही, असं म्हटलं की मुलाची अब्रू शाबूत राहिली असती. कोणतीही आई तेच करते.

चहा झाला. गावकर घसा खाकरून म्हणाले, "मगे रुक्मिणवयनी, मुहूर्त कधीचो बघूया?"

"मुहूर्त नाय," सासू म्हणाली. "तुमच्या चेडवाचा नशीब बरा, म्हणान काल गिराण लागला. दोष आमच्या झिलात आसा. डॉक्टरान सांगल्यान. माझी सून धडधाकट आसा."

बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. पडवीत म्हादूकाका बसले होते, ते उठून अंगणात गेले. दिगंबर उठला नाही.

गावकर बिचारे सज्जन होते. आपल्या मुलाबद्दल कोणी आई असं बोलते हे त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. शेवटी काही तरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मगे आता सुनेचा काय करतलात?"

सासूने त्यांच्यापुढची कपबशी उचलली.

"मी कोण करतलंय?" ती म्हणाली. "ता तीच ठरवतली."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. त्या घरात आल्यापासून मी कोणती भाजी चिरायची तेसुद्धा ठरवलं नव्हतं.

गावकर केळी ठेवून, नारळ परत घेऊन गेले. सासू आत आली. तिने मागच्या दाराशी ठेवलेली ट्रंक बघितली. कधीपासून बघत होती कोण जाणे, कारण तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती चुलीपुढे पाटावर बसली, निखारे उगाच वरखाली केले. म्हातारी दिसत होती.

"रवतलंस मां गो?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

माझ्या मनात तेव्हा काय काय येऊन गेलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. माहेरचं घर आलं. माझं वय आलं. मी तेव्हा तरुण होते, धडधाकट होते, आणि हे आता तीच म्हणत होती. दारातून पडवी दिसत होती. दिगंबर तिथे बसला होता, केळ्यांच्या फण्याकडे टक लावून, आणि त्याचे कान आमच्याकडे होते. मला त्याचा राग होता, अजूनही कधी कधी येतो. आणि मला तो आवडत होता. दोन्ही एका वेळी होतं आणि त्याला काही इलाज नव्हता.

"रवतंय," मी म्हटलं. "पण तुमच्या झिलाक सांगा, तोंड उघडाक परत गिराणाची वाट बघू नको म्हणान."

सासूने चिमटा खाली ठेवला, पडवीकडे तोंड केलं आणि द्वारकावयनीच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं, "आयकलंस रे?"

"आयकलंय," दिगंबर म्हणाला, आणि आम्हा दोघींनाही स्वच्छ ऐकू आलं.